पहिला बाइट घेण्याआधी

पत्रकारितेचा डिप्लोमा करायचा की सरळ यूट्यूब चॅनेल काढायचं, हे मला दर जूनमध्ये कोणीतरी विचारतंच. पुण्याच्या येरवडा, ताडीवाला रोड, जनता वसाहत, इकडचीच पोरं-पोरी. फी झेपत असेल तर डिप्लोमा करा, नसेल तर त्यासाठी अडून बसू नका. मोठ्या पेपरात चिकटू आणि मग आपले विषय हळूच आत सरकवू, हा बेत मात्र भरवशाचा धरू नका. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीने माध्यमांतल्या १२१ वरिष्ठ संपादकीय जागा तपासल्या. १०६ जागांवर सवर्ण होते, अनुसूचित जाती-जमातींचं एकही माणूस नव्हतं. कुठली बातमी जाणार आणि कुठली 'आज जागा नाही' म्हणून पडून राहणार, ते त्याच खुर्च्यांवर ठरतं.

कॅमेरा, माइक, एडिटिंग यावर मी काही बोलत नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरं येतं. मला एकाच गोष्टीबद्दल सांगायचंय आणि ते जरा लांबेल.

गावात मारहाण होते, जातीवरून शिवीगाळ होते, फोन येतो. तुम्ही स्वारगेटहून एसटी पकडता किंवा कुणाची तरी गाडी मागून घेता. पोचता तेव्हा घरात रडारड चालू असते, पोलिसांनी एनसीवर, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीवर, बोळवण केलेली असते, मोठ्या चॅनेलचा पत्ता नसतो. तुम्ही बाइट घ्यायला, म्हणजे कॅमेऱ्यावर बोलतं करायला, बूम माइक पुढे करता आणि बाई बोलू लागते. तिथेच थांबा. एफआयआर झालाय का विचारा. झाला नसेल तर कॅमेरा पिशवीत टाका आणि तो नोंदवायला त्यांच्यासोबत ठाण्यात जा.

ॲट्रॉसिटी कायद्यात अपमानाचं आणि शिवीगाळीचं कलम, म्हणजे ३(१)(आर) आणि (एस), लावायचं तर प्रसंग लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी घडलेला असावा लागतो. हितेश वर्मा खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही. आता भेदरलेलं माणूस कसं बोलतं? आधी शेवटचं, मग मधलं, मग आठवेल ते. माझ्या एका व्हिडिओत आई म्हणाली, "घरात घुसून बोलला." पुढच्याच वाक्यात ती म्हणाली होती की नंतर पारावर, सगळ्यांदेखत, पुन्हा तेच बोलला. दोन्ही खरं होतं. रीलमध्ये पहिलंच वाक्य राहिलं, कारण तिथे तिचा आवाज फुटला होता. एफआयआरमध्ये पारावरचा प्रसंग होता. अटकपूर्व जामिनाच्या वेळी आरोपीच्या वकिलाने ती रील पुढे केली: बघा, फिर्यादीच घर म्हणते. अख्खं फुटेज न्यावं म्हटलं, तर कार्डात जागा हवी म्हणून ते कधीच उडवलेलं. जामीन तेवढ्यानेच झाला असं कुणी म्हणणार नाही. पण त्या घरातला थोरला मुलगा आजही माझा फोन उचलत नाही.

मग बातमीच करायची नाही का? करायची, पण क्रम सांभाळून. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती आधी नीट वाचा. दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब व्हायचा असेल (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८३), तर तोवर "काय झालं ते सांगा" हा प्रश्न कॅमेऱ्यावर विचारूच नका. दुसरं विचारा. दुकानदार माल देतोय का, मजुरीला कुणी बोलावतंय का, पोरं शाळेत जाताहेत का. खटल्याला धक्का न लावता गाव कसं वागतंय ते यातून दिसतं. कच्चं फुटेज खटला संपेपर्यंत जपा, हार्ड डिस्क उसनी आणा हवी तर. आणि अपलोड करण्याआधी पुन्हा विचारा. रागाच्या भरात दिलेला होकार दोन दिवसांनी तसाच राहतो असं नाही. लैंगिक अत्याचार असेल तर पीडितांची ओळख उघड करू न देणारी कलमं पाठच करा: भारतीय न्याय संहितेचं ७२ आणि पॉक्सोचं, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं, २३. नाव लपवून भागत नाही. बापाचा चेहरा, शाळेचा गणवेश, दारावरची पाटी, कशावरूनही ओळख पटते.

अजून एक. ॲट्रॉसिटीच्या नियमांप्रमाणे आरोपपत्र ६० दिवसांत दाखल व्हायला हवं. एफआयआरपासूनचा साठावा दिवस कॅलेंडरवर मांडून ठेवा आणि त्या आठवड्यात पुन्हा जा. पीडितांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा पहिला हप्ता मिळाला का तेही विचारा. पहिल्या दिवशी दहा बूम असतात, साठाव्या दिवशी तुम्ही एकटे असता. स्पर्धा नको असेल तर ही जागा मोकळी आहे.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत कडू आहे. तुमचं फुटेज मागून त्यावर स्वतःचा लोगो चिकटवणारे 'सर' पुण्यात भरपूर भेटतील. प्रमाणपत्र वाटणाऱ्या कार्यशाळेला जाण्यापेक्षा शिवाजीनगर कोर्टात ॲट्रॉसिटीच्या सुनावणीला मागच्या बाकावर बसा. उलटतपासणीत एकेक शब्द कसा पिंजला जातो ते बघितलं की बाइट घेताना हात आपोआप सांभाळून चालतो. आणि भाषा शुद्ध करा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आजी जशी बोलते तशीच जाऊ द्या.

एवढं वाचून दबून जाऊ नका. हे सगळं शिकता येतं. मुक्ता साळवे यांचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय नियतकालिकात छापून आला तेव्हा त्या याच शहरातल्या शाळकरी विद्यार्थिनी होत्या. कृष्णराव भालेकरांनी दीनबंधु हे पत्र १८७७ मध्ये पुण्यातूनच काढला, शिवराम जानबा कांबळ्यांचं सोमवंशीय मित्र १९०८ मध्ये इथूनच निघालं. त्यांच्याही मागे कुठला मोठा छापखाना उभा नव्हता.

पैशाचं मात्र सोंग आणता येत नाही. मूकनायक ३१ जानेवारी १९२० ला सुरू झालं, शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, बाबासाहेबांसारखा माणूस पाठीशी होता, तरी १९२३ मध्ये ते बंद पडलं. म्हणून नोकरी सोडू नका, निदान लगेच नको. जयंतीच्या आणि ६ डिसेंबरच्या विशेषांकाला नगरसेवकाची जाहिरात मिळते, पण पुढे त्याच्या वॉर्डातल्या तुंबलेल्या गटाराबद्दल बोलताना जीभ अडखळते. मी आता घेत नाही. तुम्ही घ्याल तर मी नावं ठेवणार नाही, भाडं मलाही भरावं लागतं.

सुरुवात अत्याचाराच्या बातमीने करूच नका. कचरावेचक बायकांना हातमोजे वेळेवर मिळतात का, समाजकल्याणच्या वसतिगृहात जेवण कसं आहे, स्वाधारचे, म्हणजे वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांना सरकार देतं ते, पैसे कुणाचे अडकलेत, हे विषय घ्या. व्ह्यूज कमी येतील. पण वसतिगृहातली पोरं तो व्हिडिओ एकमेकांना पाठवतात, आणि मग अर्जाची पोच आणि बँकेचं पासबुक घेऊन तुम्हाला शोधत येतात.