अँटिऑक्सिडंटची स्ट्रिप आधी उलटी करून वाचा, मग गिळा

नागपुरात औषधांच्या दुकानात काउंटरला उभं राहून मला अठरा वर्षं झाली आणि रोज एक तरी जण येतोच, "भाऊ, ती ताकदीची गोळी द्या ना, अँटिऑक्सिडंटची." कोणी सांगितली विचारलं तर शेजारच्या काकूंना डॉक्टरनी दिली होती, त्यांना बहुत फरक पडला. काकूंना कशासाठी दिली होती हे मात्र कोणालेच माहीत नसते. आता हे लिहून मी माझाच गल्ला कमी करून राहिलो, पण असू द्या.

पहिलं काम हे करा की स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा, दिसत नसेल तर मोबाइलनं फोटो काढून झूम करा. कारण अँटिऑक्सिडंट हे कोण्या एका औषधाचं नाव नाही. व्हिटॅमिन सी, ई, बीटा कॅरोटीन, सेलेनियम, लायकोपीन, ल्युटिन, ग्लुटाथायोन सगळे ह्याच नावाखाली विकल्या जातात आणि प्रत्येकाचा डोस वेगळा, धोका वेगळा. शरीरात फ्री रॅडिकल्स तयार होतात, ते पेशींचं नुकसान करतात आणि अँटिऑक्सिडंट त्यांना थंड करतात, इथपर्यंत बरोबर आहे. पण आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच रॅडिकल्स वापरतात, आणि व्यायाम केल्यावर शरीराला सुधारायचा निरोपसुद्धा त्यांच्यातूनच मिळते. २००९ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात रोज व्हिटॅमिन सी १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एक माप) घेणाऱ्यांना व्यायामानं इन्सुलिनवर जो फायदा व्हायला पायजे तो झालाच नाही. म्हणजे जिमच्या पोरांनो, फुटाळा तलावावर पळायचं आणि वरून हाय डोस घ्यायचा, ह्यात पळणंच थोडं वाया जाऊ शकते.

दुसरं काम, तुम्ही बिडी सिगारेट ओढत असाल किंवा आत्ताच सोडली असेल तर स्ट्रिपवर बीटा कॅरोटीन शोधा आणि दिसलं तर ठेवून द्या. ह्यावर मी गिऱ्हाइकाशी अक्षरशः भांडतो. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर ट्रायल झाली होती, काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं, कॅन्सर कमी होईल अशी सगळ्यांची आशा, आणि १९९४ मध्ये निकाल आला तर फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त! अमेरिकेतली तशीच दुसरी ट्रायल तर १९९६ मध्ये मधातच थांबवावी लागली. आणि आपल्याकडे काय चालते, तर खर्रा (तंबाखू-सुपारी घोटून केलेला) खातो म्हणून वरून एक अँटिऑक्सिडंट घेतो, बॅलन्स होते म्हणे. काय बॅलन्स होते बाप्पा! खर्ऱ्यानं तोंड कमी उघडत असेल तर दाताचे डॉक्टर लायकोपीनवाली गोळी देतात, ते खरं आहे, पण ती तोंड तपासून देतात आणि खर्रा बंद करायला सांगूनच देतात. तीच स्ट्रिप मित्राच्या सांगण्यावरून उचलायची नसते, त्यातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये बीटा कॅरोटीन पण असते.

मग फायदा कुठंच नाही का? आहे ना. वयानं डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब व्हायला लागला असेल आणि डॉक्टरनी तपासून मधली स्टेज सांगितली असेल तर सी, ई, झिंक, कॉपर, ल्युटिन १० आणि झिॲक्सँथिन २ मिलिग्रॅम हा फॉर्म्युला आजार पुढं सरकायचा वेग कमी करते. मोतीबिंदूला किंवा रात्री दोन वाजेपर्यंत रील पाहून थकलेल्या डोळ्यांना ह्याचा उपयोग नाही.

व्हिटॅमिन ई ची ४०० आययूवाली कॅप्सूल पोरी चेहऱ्याला लावतात, लावू द्या, पण काका लोक ती वर्षानुवर्षं गिळतात. ३५ हजारांवर पुरुषांच्या एका ट्रायलमध्ये, २०११ चा निकाल आहे, रोज ४०० आययू घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला. शिवाय रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढते. ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला स्ट्रिप दाखवा, केमो चालू असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका.

सी ची रोजची गरज आयसीएमआर, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबानं पुरुषाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम, म्हणजे एक मध्यम पेरू खाल्ला की काम झालं. संत्रानगरीत राहून हे बोलणं पाप आहे पण पेरूत सी संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असते. रोज १००० च्या वर गोळ्या घेतल्या तर लघवीत ऑक्झलेट (ज्याचे खडे बनतात तो क्षार) वाढते, आणि आपल्या उन्हाळ्यात पाणी कमी पडून खडे व्हायला तेवढं निमित्त पुरते. ज्याला आधी मुतखडा होऊन गेला त्यानं तर नावच काढू नये. विदर्भात सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट बरेच आहेत, ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागते त्यांच्या अंगात लोह साठते आणि सी नं ते आणखी शोषल्या जाते, त्यांनी डॉक्टरला विचारूनच घ्यावं. हाय डोसमुळं घरच्या शुगर मशीनचं रीडिंगही चुकू शकते.

"नॅचरल आहे, काही होत नाही" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकते. तर्री पोह्यातली हळद वेगळी आणि मिरीचा अर्क टाकून कितीतरी जास्त जिरेल अशी केलेली कर्क्युमिनची (हळदीतला मुख्य घटक) कॅप्सूल वेगळी, तिनं लिव्हर सुजल्याच्या केसेस बाहेरच्या देशांत नोंदल्या गेल्या आहेत. ग्रीन टी च्या अर्काचंही तेच, चहा प्या, अर्काच्या गोळ्या उपाशीपोटी नका घेऊ.

घ्यायचंच ठरलं तर डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा खातं) १४ आकडी नंबर आणि "औषधी वापरासाठी नाही" ही ओळ पाहा, ती ओळ छापून जो विकणारा शुगर, सांधे, कॅन्सर सगळं बरं करतो म्हणते त्याला चहा पाजून परत पाठवा. माझ्या स्वतःच्या मामांनी अशा एका चेन मार्केटिंगवाल्याकडून हजारोंचे डबे घेतले होते आणि मल्टिव्हिटॅमिन आधीच चालू होतं, झिंक दोन्हीकडून डबल. म्हणून घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका जागी ठेवून बेरीज करा. ई, ल्युटिन जेवणासोबत घ्या, तेलातुपाशिवाय नीट जिरत नाही. मे महिन्यात पारा ४५ ला असताना स्कूटीच्या डिक्कीत ठेवू नका, कॅप्सूल एकमेकांना चिकटून लगदा होते.

मल्टिव्हिटॅमिनसोबत घेतली आणि लघवी एकदम चकाचक पिवळी झाली तर घाबरू नका, तो बी-२ चा रंग आहे. पण लघवी गडद चहासारखी, डोळे पिवळे, भूक मेली, अंगाला खाज असं काही दिसलं तर त्याच दिवशी गोळी बंद करा आणि स्ट्रिप सोबत घेऊन मेडिकल, मेयो ह्या सरकारी दवाखान्यांपैकी जे जवळ असेल तिथं जाऊन एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करा.