गटोपचाराला जाण्याआधीची धडधड

गटोपचार (गटात बसून मनातलं बोलायचं मानसोपचाराचं सत्र) असला की दुपारपासूनच पोटात गोळा यायचा. आपली पाळी आली की काय बोलायचं, याची उजळणी डोक्यात सुरू. शेवटी सत्र घेणाऱ्या ताईंना आधीच गाठून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "नुसतं नाव सांगा आणि 'पास' म्हणा. चालतं." निम्मं ओझं तिथेच उतरलं.

उरलेल्यासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे मनातले हट्टी विचार तपासून बदलायची रीत, कामी आली. ती १९५५ च्या सुमाराची, पण अजून ताजी वाटते. वहीत आधी मनातला हट्ट लिहायचा: 'मी अडखळता कामाच नये.' त्याखाली लिहायचं: 'अडखळलो तर आवडणार नाही, पण सहन होईल.' खोटा दिलासा नाही, म्हणून मला पटलं.

दुपारचा चहा सोडला (जिवावर आलं!), कारण कॅफिननं धडधड वाढते. जिन्यात चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. उच्छ्वास लांबला की नाडी मंदावते. थोडं लवकर पोचून दाराजवळची खुर्ची धरतो. धडधड अजूनही होते, पण दुसरं कुणी बोलू लागलं की ओसरते.

गटात जाणंच झेपत नसेल, तर १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी टेली-मानस फोन क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.