ज्यू कथा-कादंबऱ्यांतील पिढ्यांचा संघर्ष कसा वाचावा

ज्यू कथा-कादंबऱ्यांत आईबाप आणि मुले धर्मावरून समोरासमोर येतात, तेव्हा ‘जुने विरुद्ध नवे’ असा शिक्का घाईने मारू नये. प्रथम मोडला जाणारा नियम कोणता, हे पाहावे; कारण सर्व नियमांचे वजन सारखे नसते.

शोलेम अलैकेम यांच्या यिडिश (पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा) कथांतला दूधवाला तेव्ये याबाबतीत फार शिकवतो. थोरली मुलगी ठरवलेले श्रीमंत स्थळ नाकारून गरीब शिंप्याशी लग्न करते, दुसरी क्रांतिकारक नवऱ्यामागे दूरदेशी निघून जाते, आणि दोन्ही वेळा तेव्ये कुरकुरत का होईना, नमते घेतो. तिसरी मुलगी खावा मात्र ख्रिस्ती तरुणाशी लग्न करते, तेव्हा तो जिवंत मुलीचे सुतक धरतो. येथे सावकाश वाचावे. पुढे रानात ती त्याला गाठून बोलू पाहते, तो गाडी हाकून निघून जातो, आणि देवाने ज्यू व बिगर-ज्यू असा भेद मुळात का केला, हा प्रश्न त्याच्याच मनात उठतो. बाप-लेकीइतकाच हा झगडा बापाच्या अंतःकरणात चाललेला असतो. तो नजरेतून सुटला, तर कथा हाती लागत नाही.

यानंतर हाइम पोटोक यांची ‘द चोझन’ (1967) घ्यावी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील हसिदी (भक्तिमार्गी, कर्मठ ज्यू पंथाचा) रब्बी, म्हणजे धर्मगुरू, आपल्या बुद्धिमान मुलाशी, डॅनीशी, तालमूद या ज्यू धर्मशास्त्रग्रंथाच्या अभ्यासापलीकडे एक शब्दही बोलत नाही आणि डॅनी ग्रंथालयात गुपचूप मनोविश्लेषक फ्रॉइड वाचतो. मुलाच्या ठायी करुणा जागावी म्हणून हे मौन पाळले, असा खुलासा रब्बी अखेरीस करतो. माझ्या मते त्यामुळे मौन समजते, पण त्याचे समर्थन होत नाही. वाचकाने आपला कौल स्वतः द्यावा. डॅनीच्या मित्राचे वडीलही धर्मनिष्ठच आहेत, तरी ते तालमूदकडे चिकित्सक दृष्टीने पाहतात. म्हणून पात्रांची ‘धार्मिक’ आणि ‘निधर्मी’ अशी दोन गटांत वाटणी करू नये.

मुलाने काय सोडले याबरोबरच काय राखले, याचीही टिपणे काढावीत. डॅनी रब्बीची वंशपरंपरागत गादी नाकारतो, दाढी आणि कानांजवळच्या बटा उतरवून मानसशास्त्र शिकायला जातो, पण धर्माज्ञा पाळत राहणार का, या वडिलांच्या प्रश्नाला तो होकारार्थी मान हलवतो.