इटालियन बटण-चाकू: या चुका टाळा

बटणाचा चाकू दिसला की आपल्या तोंडून ‘रामपुरी’ निघतं. तसंच, परज (मुठीपुढची आडवी दांडी) असलेला निमुळता इटालियन चाकू दिसला की लोक ‘स्टिलेटो’ म्हणतात आणि पुढे बघतच नाहीत. सगळी भानगड तिथून सुरू होते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे चाकू बंद कसा होतो ते न बघता तो बंद करायला जाणं. उघडताना सगळे सारखेच: बटण दाबलं की पात्याच्या बुडातली खुंटी सुटते आणि स्प्रिंग पातं बाहेर फेकते. फरक कळतो तो मिटताना. साधारण 1950 च्या दशकापर्यंतच्या ‘पिकलॉक’ चाकूंत पाठीवरच्या पट्टीला चिमुकली जीभ असते. ती नखानं उचलली की पातं सुटतं. नंतरच्या चाकूंत मुठीचं पुढचं धातूचं टोक, म्हणजे बोल्स्टर, जरासं कलवायचं. तेच आतून पट्टी उचलतं.

माझ्या एका दोस्तानं जुन्या बाजारातून शिंगाच्या मुठीचा पिकलॉक आणला. व्हिडिओत बोल्स्टर कलवताना पाहिलेलं, म्हणून हाही कलवायला लागला. हलेना, तर पक्कड लावली. खाली रुमाल धरला होता, एवढंच त्याचं शहाणपण! खिळा वाकला, शिंगाला लांब चीर गेली. वर मलाच विचारतो, “आधीपासूनच तडा असेल का रे?” शिंगाची चीर भरता येते, लपवता येत नाही. मी चाकू हातात आला की आधी भिंगानं त्याची पाठ बघतो. जीभ दिसली तर नख, नाहीतर अंगठा. जोर लावावासा वाटला की चाकू खाली ठेवून चहा टाकतो.

पात्यावर कोरलेली ‘रोस्टफ्राय’ किंवा ‘इनॉक्स’ ही कारखान्याची नावं नव्हेत! पहिला शब्द जर्मन, दुसरा इटालियन वापरातला. दोन्हींचा अर्थ न गंजणारं पोलाद. ‘रोस्टफ्राय कंपनीचा दुर्मीळ पीस’ म्हणून जास्त पैसे मोजलेले लोक मी पाहिलेत. इटलीतलं चाकूंचं गाव म्हणजे फ्रिउलीतलं मानियागो. तिथे 1453 पासून ओढ्याचं पाणी कालव्यानं आणून लोहारकाम चालत आलंय.

पातं अर्धवट उघडतं म्हणून लगेच स्प्रिंग बदलू नका. अस्सल इटालियन चाकूत मुठीच्या लांबीत बसवलेली चपटी पट्टी-स्प्रिंग असते. बऱ्याच स्वस्त नकलांत, पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याभोवती वळ्यांची. एकीची दुसरीत बसत नाही. शिवाय दहातल्या आठ वेळा दोष वाळलेल्या तेलाचाच निघतो. टूथपिकच्या टोकावर मावेल इतकंच पातळ तेल खिळ्याला द्या आणि रात्रभर थांबा. घाई असलेल्यांनी हा छंद करूच नये.

पातं डुगडुगतं म्हणून खिळ्यावर हातोडी मारू नका, निदान शिंगाच्या मुठीवर तरी.

आणि सेल्युलॉइडच्या (जुन्या काळच्या प्लास्टिकच्या) मुठीचा चाकू इतरांबरोबर बंद डब्यात ठेवू नका. ते कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि शेजारचं पोलाद गंजतं. माझे दोन गेले.