सराव पाठाचे टाचण शेवटाकडून लिहावे
टाचण म्हणजे पाठाची लेखी आखणी. ते लिहायला बसलेला छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेणारा विद्यार्थी, बहुधा प्रस्तावनेपासून सुरुवात करतो आणि चटकदार प्रसंग शोधण्यातच त्याची संध्याकाळ जाते. त्याऐवजी तासिका संपताना प्रत्येक विद्यार्थ्याला सोडवता यायला हवा असा एक प्रश्न आधी लिहावा. त्यामुळे उद्दिष्टही नेमके होते, कारण ‘विद्यार्थ्याला अपूर्णांकांची बेरीज समजते’ हे तपासता येत नाही, पण ‘विद्यार्थी भिन्न छेदांच्या दोन अपूर्णांकांची बेरीज करतो’ हे तपासता येते.

त्यानंतर त्या प्रश्नाची संभाव्य चुकीची उत्तरे लिहून काढावीत. माझ्या मते टाचणातील सर्वांत मोलाचा भाग हाच. १/२ + १/३ ही बेरीज दिली की काही विद्यार्थी अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ असे उत्तर देतात. ‘चूक’ म्हणून ते पुसून न टाकता, २/५ हे १/२ पेक्षा मोठे की लहान, एवढेच विचारावे. बेरीज मूळ संख्येपेक्षा लहान आलेली दिसली की शंका त्यांच्याच मनात उभी राहते, आणि मग फळ्यावर सहा चौकोनांची पट्टी काढून तीन व दोन चौकोन रंगवले की ५/६ त्यांना स्वतःच मोजता येतात. ही पट्टी फळ्यावर कोठे काढायची आणि तासिका संपेपर्यंत काय पुसायचे नाही, हे टाचणातच ठरवावे.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या अनुयायांनी रूढ केलेली पंचपदी, म्हणजे पूर्वतयारीपासून उपयोजनापर्यंतच्या पाठाच्या पाच पायऱ्या, सांगाडा म्हणून उपयोगी आहे. मात्र टाचणात त्या पायऱ्यांचे रकाने भरले म्हणजे पाठ तयार झाला असे नव्हे.

प्रत्यक्ष वर्गात नवख्या शिक्षकाला शांततेची भीती वाटते. अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे अधिक सविस्तर येतात. म्हणून आधी प्रश्न विचारावा, मनात तीनपर्यंत मोजावे आणि मगच नाव घ्यावे. आधी नाव घेतले की बाकीचा वर्ग विचार करणे सोडून देतो.

वेळ कमी पडला की कात्री हमखास उपयोजनावर, म्हणजे शिकलेले वापरून पाहण्याच्या शेवटच्या पायरीवर, चालते. ४० मिनिटांच्या तासिकेत शेवटची आठ मिनिटे त्या पहिल्या प्रश्नासाठी राखून ठेवावीत आणि वेळ अपुरा ठरल्यास कोणते उदाहरण गाळायचे, त्यावर टाचणातच खूण करून ठेवावी.