ऑनलाइन तास घेताय? या चुका टाळा

सगळ्यात आधी पाठीमागचा तो नकली पडदा काढा. घर दिसू नये म्हणून परदेशी ग्रंथालयाचं चित्र लावून तास घेणारे प्राध्यापक मी २०२० पासून बघतेय. तेव्हा मीही लावायचे. मी लातूरला वनस्पतिशास्त्र शिकवते. त्या नोव्हेंबरात तुरीची फुलोऱ्यातली डहाळी आणली आणि एकेक फूल उकलून दाखवलं. वरची मोठी ध्वज पाकळी, बाजूचे दोन पंख, खालच्या दोघींची मिळून नौका, आत १० पुंकेसर, त्यातले ९ जुळलेले आणि १ सुटा. वीस मिनिटं बोलले. शेवटी औसा तालुक्यातल्या एका लेकीनं विचारलं, "मॅडम, फूल कुठाय?" सॉफ्टवेअर माणसाचा आकार तेवढा धरतं, हातातली वस्तू पार्श्वभूमी समजून पुसून टाकतं. लेकरं इतका वेळ माझी रिकामी चिमूट बघत होती. जिच्या रानात तूर उभी, तिला मला तूर दाखवता आली नाही, हे फार लागलं.

तेव्हापासून ओसरीत बसते. मागं साधी भिंत, तिच्यावर वाळवलेल्या नमुन्यांचे कागद. दर आठवड्याला एक बदलते. लेकरं आल्या आल्या विचारतात, "आज कुठला लावलाय?" आमचा वर्ग तिथूनच सुरू होतो.

खिडकी पाठीशी घेऊ नका, चेहरा काळा पडतो. ती समोर हवी.

मुलाच्या खात्यावरून शिरू नका. पडद्यावर भलतंच नाव दिसलं की पोरं गप्प बसतात. पूर्ण नाव देवनागरीत लिहा.

स्वतःच्या चौकटीत फळ्यावरची अक्षरं उलटी दिसली तर घाबरू नका, समोर ती सुलटच दिसतात.

झूमची फुकटची बैठक ४० मिनिटांत तुटते. मी ३५व्या मिनिटाला नवीन काही काढत नाही.

घाईतले नवखे दुसऱ्याचा व्हिडिओ लावून मोकळे होतात. मला ते पटत नाही. तुमचा आवाज, तुमचं थांबणं, नाव घेऊन विचारणं, एवढ्यावरच तर लेकरं तुम्हाला ओळखतात.

आणि कॅमेरा सुरू ठेवायची सक्ती कृपा करून करू नका. एका खोलीत पाच माणसं, मागं चूल, त्यात नेटपॅक संपत आलेला. आपण आपलं घर झाकायला पडदे शोधले, मग त्यांनी त्यांचं का दाखवावं? मी हजेरी आवाजावर घेते. बोलणं जमत नसेल तर चॅटमध्ये नुसतं नाव लिहिलं तरी चालतं.