'लू'ला जायचंय? या चुका टाळा

इंग्लंडला शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या प्रत्येकाला मी एक शब्द आवर्जून सांगते: 'लू'. म्हणजे संडास. नागपूरकडे लू म्हटलं की उन्हाळ्यातली झळ आठवेल, पण ब्रिटिशांचा हा शब्द घरगुती, लाडिक आणि तरीही सभ्य आहे. साहेबांसमोर, डॉक्टरांसमोर, मैत्रिणीच्या आजीसमोरही चालतो.

कुणाच्या घरी गेलो की आपण सवयीने 'बाथरूम कुठंय?' विचारतो. तिथे बाथरूम म्हणजे मुख्यतः आंघोळीची खोली, आणि बऱ्याच घरांत संडास वेगळा असतो. सरळ 'व्हेअर इज द लू?' विचारा. त्यातला 'द' गाळू नका, कानाला खटकतं. मात्र स्टेशनवर 'लू' लिहिलेली पाटी शोधत फिरू नका. पाटीवर बहुधा 'टॉयलेट्स' असतं. घरमालकाला तक्रार लिहितानाही 'टॉयलेट'च लिहा.

खोली आणि भांडं, दोन्हीला लूच म्हणतात. त्यामुळे 'क्लीन द लू' ऐकल्यावर नुसती फरशी पुसून भागत नाही.

खरा घोळ 'बॉग'चा. अर्थ संडासच, पण शब्द रांगडा. मित्रांमध्ये 'बॉग रोल' म्हणजे टॉयलेट पेपर. पाहुण्यांसमोर 'लू रोल' म्हणावं. माझ्या भाचीला भाड्याचं घर दाखवताना एजंट म्हणाला, ''बॉयलर बॉग-स्टँडर्ड आहे.'' ती संडासात जाऊन बॉयलर शोधू लागली. तो स्वयंपाकघरातलं कपाट उघडून उभा. बॉग-स्टँडर्ड म्हणजे साधा, नेहमीचा, एवढंच. 'बॉग ऑफ' म्हणजे 'चल, चालता हो', तेव्हा ते कुणाला म्हणू नका. आणि दुकानातलं 'बॉगॉफ' म्हणजे एकावर एक फुकट, ते खुशाल घ्या!

'लू' कुठून आला, हे कोणी छातीठोकपणे सांगितलं तर लगेच पुढे पाठवू नका. जुन्या एडिंबरात खिडकीतून घाण पाणी फेकताना 'गार्डीलू' अशी आरोळी देत, त्यातून हा शब्द आला असं सांगतात. पण ती चाल अठराव्या शतकातली, आणि संडास या अर्थाचा 'लू' लेखी सापडतो थेट विसाव्या शतकात. मधल्या काळाचा दुवा नाही. कोणी वॉटर्लूचं नाव घेतं, कोणी फ्रेंच शब्दाचं. कोशकारांनी अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही.

पुढे अमेरिकेला जाणार असाल तर तिथे 'रेस्टरूम' विचारा. 'लू' कळेल, पण कुणाच्या तोंडी ऐकू येणार नाही.